घोडबंदरच्या सोसायटीचा पाण्याचा ताळेबंद: रिचार्ज खड्डे, एसटीपी की मीटर, आधी काय?

कासारवडवली_चारविंग

नमस्कार मंडळी,

सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला. चार विंग, प्रत्येकी १५ मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे २४० सदनिका. राहणारी माणसं साधारण ९००. सर्वसाधारण सभेपुढे पाण्यासाठी एकच मोठा खर्चाचा ठराव ठेवता येईल, म्हणून आधी इथे विचारतो आहे. आकडे असे:

पालिकेचं पाणी बिलावरून रोज सरासरी ८५,००० लिटर. दोन बोअर मिळून पावसाळ्यानंतर रोज ३० ते ३५ हजार लिटर देतात. फेब्रुवारीनंतर खाडीच्या बाजूचा बोअर खारट होत जातो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ६०० वरून १,९०० पर्यंत. एप्रिल-मेमध्ये १०,००० लिटरचे चार ते पाच टँकर रोज लागतात. जमिनीखालची घरगुती पाण्याची टाकी ९ मीटर गुणिले ६ मीटर, अग्निशमनाची वेगळी. चारही गच्च्या मिळून १,८०० चौरस मीटर. प्लॉट साधारण दोन हेक्टर, मागे येऊरच्या डोंगराचा उतार.

एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, रोज १२० घनमीटर क्षमतेचा, एमबीबीआर पद्धतीचा (तरंगत्या प्लॅस्टिक चकत्यांवर जिवाणू वाढवून पाणी शुद्ध करणारा) आहे. फ्लशसाठी वेगळी लाइन इमारत बांधतानाच टाकलेली आहे, पण प्रक्रिया केलेल्या पाण्याला वास येतो म्हणून ती बंद करून फ्लशलाही गोडं पाणी जोडलेलं आहे.

सभासदांत तीन मतं आहेत. पहिलं, पाऊस एवढा पडतो तर रिचार्ज खड्डे, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, खणा. दुसरं, एसटीपी दुरुस्त करा. तिसरं, घराघरात मीटर बसवा. शिवाय एक मुद्दा प्रत्येक सभेत येतो: धरणं दरवर्षी भरतात आणि देशातलं बहुतेक पाणी शेतीला जातं, मग आपल्या चार नळांनी काय फरक पडणार? यालाही नीट उत्तर हवं आहे.

---

टाकीची_पट्टी

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. त्यांच्यावरूनच सुरुवात करू.

माणशी रोज १३५ लिटर हे शहरासाठीचं प्रमाण. त्यात ४५ लिटर फ्लशचे आणि ९० लिटर बाकी वापराचे धरतात. ९०० माणसांना १३५ प्रमाणे १,२१,५०० लिटर लागतात. पालिकेचे ८५,००० वजा केले की तूट ३६,५०० लिटर. आता फ्लशचा हिशेब करा: ९०० गुणिले ४५ म्हणजे ४०,५०० लिटर. तुमची तूट आणि तुमचा फ्लश जवळजवळ एकच आकडा आहे. उरलेल्या वापराला ८१,००० लिटर लागतात, आणि तेवढं पालिकेकडून येतं. कुठला ठराव आधी हे या दोन ओळीच सांगतात, पण हा हिशेब गळती नाही असं धरून केलेला आहे. गळती किती ते आठवडाभर मोजल्याशिवाय सभेत आकडा मांडू नका.

मोजायला पट्टी आणि वही पुरते. तुमची टाकी ५४ चौरस मीटरची, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर हलली की ५४० लिटर. टाकीच्या आत भिंतीला सेंटिमीटरची पट्टी कायमची लावून घ्या.

पहिली चाचणी पालिकेच्या मीटरची. पाणी येण्याच्या वेळेत पंप बंद ठेवा, टाकी किती सेंटिमीटर चढली ते लिहा आणि तेवढ्या वेळात मीटर किती फिरला ते लिहा. दीड मीटर चढली तर ८१,००० लिटर आले. मीटरचा आकडा याहून बराच जास्त असेल तर बहुधा लाइनमधली हवा मीटर फिरवते आहे. ठराविक तासच पाणी सोडतात तिथे पाणी यायच्या आधी पाइपभर हवा असते, तीही मोजली जाते. मीटरच्या अलीकडे एअर व्हॉल्व्ह लागतो. उलट मीटर कमी दाखवत असेल तर त्याची जाळी गाळाने भरलेली असण्याची शक्यता मोठी.

दुसरी चाचणी खालच्या टाकीची. रात्री एक ते चार, पंप बंद, आवक बंद. पातळी एक सेंटिमीटरही उतरता कामा नये. उतरली तर टाकीला भेग आहे. हे पाणी वाया जातं यापेक्षा मोठी भीती वेगळी आहे: ज्या भेगेतून पाणी बाहेर जातं त्याच भेगेतून टाकी रिकामी असताना बाहेरचं सांडपाणी आत येतं. टाकीतल्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम राहतो का हे त्याच आठवड्यात तपासा.

तिसरी चाचणी गच्चीवरच्या टाक्यांची, रात्री दोन ते चार. समजा टाकी ४ बाय ४ मीटरची आहे. १ सेंटिमीटर म्हणजे १६० लिटर. दोन तासांत ३ सेंटिमीटर उतरली तर ४८० लिटर, ६० घरांवर वाटले तर घरामागे तासाला ४ लिटर. रात्री दोन वाजता एवढा वापर नसतो. हे फ्लशच्या टाक्यांचे झिजलेले वॉशर असतात. ते ओळखायला फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की वॉशर बदला. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, आवाजही येत नाही.

आणि गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप सरळ गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल तर तो काढून सर्वांना दिसेल असा मोकळा आणा. पाणी वाहतंय हे दिसलं तरच कुणीतरी पंप बंद करतं.

---

भूजल_बेसाल्ट

रिचार्जबद्दल लिहितो, कारण सर्वात जास्त पैसा इथेच चुकीच्या जागी जातो.

ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिमी पाऊस पडतो. तुमच्या गच्च्यांवर १,८०० गुणिले २.५ गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे ३,८०० घनमीटर, ३८ लाख लिटर. तुमच्या महिनाभराच्या वापराएवढं पाणी. हा आकडा सभेत सांगितला की सगळे खड्डे खणायला तयार होतात. पण ते पाणी जमिनीत घातल्यावर मे महिन्यापर्यंत तिथे राहतं का, हा खरा प्रश्न.

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, वाळू नाही. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मावत नाही. ते मावतं वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत. त्या थरातूनही मोकळं मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के. तुमचा प्लॉट २०,००० चौरस मीटर, मुरूम समजा १० मीटर, दोन टक्के धरले तर जागा झाली ४,००० घनमीटर. कागदावर गच्चीचं सगळं पाणी मावलं. पण ही जागा भरायला तुमच्या गच्चीची वाट बघत नाही. येऊरच्या उतारावरून झिरपणारं आणि मोकळ्या जमिनीवर पडणारं पाणी ती जुलैमध्येच भरून टाकतं. त्यानंतर खड्ड्यात सोडलेलं पाणी खड्ड्यातच उभं राहतं किंवा आडवं झिरपत खाडीकडे निघून जातं. मराठवाड्यात पाऊस थोडा आणि भूजल खोल गेलेलं, तिथे तोच खड्डा उपयोगी पडतो. कोकणात जमिनीला पावसाळ्यात पाणी कमी पडत नाही. तिला ते धरून ठेवता येत नाही.

खात्री करायची सोपी रीत: जूनपासून दर आठवड्याला, बोअर किमान आठ तास बंद ठेवून, पाण्याची पातळी मोजा. जुलैच्या मध्याला पाणी जमिनीपासून तीन मीटरच्या आत आलं असेल तर खड्ड्याला अर्थ नाही. ऑगस्टमध्येही पाणी आठ-दहा मीटर खाली असेल तर त्या बोअरला रिचार्ज द्या.

तो द्यायचाच झाला तर फक्त गच्चीचं पाणी द्या. पार्किंगचं आणि रस्त्याचं पाणी तेल, डिझेल, गाळ घेऊन येतं. ते बोअरमध्ये गेलं की परत काढता येत नाही. पहिल्या पावसाचे २.५ मिमी, म्हणजे तुमच्या गच्च्यांचे ४,५०० लिटर, वेगळे काढून टाका. कबुतरांची विष्ठा त्यात असते. गाळण खड्ड्यात तळाला मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू. गाळ वरच्या वाळूत अडकतो, म्हणून दर मेमध्ये वरची दहा-पंधरा सेंटिमीटर वाळू काढून धुवायची किंवा बदलायची. बरेच खड्डे दुसऱ्या पावसाळ्यातच बंद पडतात, कारण लोक वाळू तळाला आणि दगड वर भरतात, मग गाळ तळाशी बसतो आणि तिथपर्यंत हात पोचत नाही.

खारट बोअरचं उत्तर मात्र रिचार्जमध्ये नाही, उपशात आहे. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. सलग सहा-सात तास पंप चालला की खालचं खारं पाणी वर खेचलं जातं. फेब्रुवारीपासून त्या बोअरचा उपसा निम्म्यावर आणा, तासभर चालवून तीन-चार तास थांबा, आणि टीडीएस रोज लिहा. १,००० च्या पुढे चढायला लागला की पावसाळ्यापर्यंत तो बंदच ठेवा. आणखी खेचलात तर पुढच्या वर्षी तो जानेवारीतच खारट होईल. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० पर्यंत चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ची कमाल मर्यादा. तुम्ही तिच्या काठावर आहात.

---

नेरूळ_सेक्टर

वरच्या मुद्द्यात थोडी भर. नवी मुंबईत खाडीकाठच्या भरावावर वसलेल्या सेक्टरांत तर रिचार्जचा प्रश्नच उद्भवत नाही, खाली खारा चिखल आहे. तिथे पावसाचं पाणी साठवून लगेच वापरणं हाच मार्ग. २५ मिमी पावसाच्या दिवशी तुमच्या १,८०० चौरस मीटर गच्च्या ३८,००० लिटर देतात. हा तुमच्या एका दिवसाच्या फ्लशएवढा आकडा आहे. ४०-५० घनमीटरची टाकी बांधली तर पावसाळ्यात पालिकेच्या पाण्यावरचा बराच भार उतरेल.

इथल्या पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूर तालुक्यात धावरी नदीवर, ४५० एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) पुरवठ्याच्या हिशेबाने घेतलेलं. तरीही कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी २० एमएलडीचे तृतीय स्तर प्रक्रियेचे प्रकल्प उभे केले आहेत, सांडपाणी शुद्ध करून टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना द्यायला. धरण हाताशी असलेलं शहरही पुनर्वापराकडे वळतं, हे तुमच्या सभेत सांगण्यासारखं आहे.

---

भूजल_बेसाल्ट

नेरूळ, टाकीचा मुद्दा एसटीपी नसलेल्या जुन्या इमारतींसाठी अगदी बरोबर. यांच्याकडे मात्र एसटीपी आहे. तो चालू झाला तर फ्लशचे ४०,००० लिटर बाराही महिने तिथूनच मिळतील, मग पावसाळ्यात टाकीतलं पाणी वापरायचं कुठे? घरगुती वापरात आणायचं तर गाळणी आणि क्लोरीन दोन्ही आले. आणि मेसाठी साठवायचं म्हणाल, तर टँकरचे रोजचे ५० घनमीटर गुणिले ६० दिवस म्हणजे ३,००० घनमीटर, ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, ५ मीटर खोल टाकी. ती कुठल्याच सोसायटीत बसत नाही. एसटीपी दुरुस्तीसाठी बंद असेल तेव्हा फ्लशच्या टाकीत सोडायला गच्चीची एक लाइन जोडून ठेवावी, एवढं पुरे.

---

ब्लोअर_चोवीसतास

एसटीपीबद्दल दोन गोष्टी आधी सांगा. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारा पंखा, दिवसाचे किती तास चालतो? आणि संडासातला जेट स्प्रे कुठल्या लाइनवर आहे?

---

कासारवडवली_चारविंग

ब्लोअर रात्री अकरा ते सहा बंद असतो, विजेचं बिल कमी यावं म्हणून. जेट स्प्रेचं बघून सांगतो. टाकीतल्या प्लॅस्टिकच्या चकत्यांवर काळा थर आहे.

---

ब्लोअर_चोवीसतास

काळा थर आणि सात तास बंद ब्लोअर, वासाचं कारण हेच. त्या चकत्यांवर जिवाणूंची पातळ साय धरते, तीच सांडपाणी खाते. तिला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान २ मिलिग्रॅम लागतो, चालू यंत्रात ३ पर्यंत ठेवावा. हवा बंद झाली की तासा-दोन तासांत ऑक्सिजन शून्यावर येतो, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्याचा वायू सुटतो. पहाटे ब्लोअर सुरू केला की तो वायू आणि उखडलेला काळा थर दोन्ही पुढे फिल्टरकडे जातात. रोज हेच घडतं. निरोगी थर तपकिरी आणि पातळ असतो. चकत्या कोऱ्या पांढऱ्या दिसल्या तर कुणीतरी ॲसिड किंवा ब्लीच मोठ्या प्रमाणात ओतलं आहे असं समजा.

सुधारायचा क्रम असा ठेवा. सर्वात आधी पहिल्या टाकीतली, म्हणजे सांडपाणी जमा होते त्या समतोल टाकीतली हवा सुरू करा. बऱ्याच ठिकाणी तिथला पाइप तुटलेला असतो आणि पाणी पुढे जायच्या आधीच नासतं. मग एमबीबीआर टाकीतले डिफ्यूझर, म्हणजे तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे पडदे, बघा. पृष्ठभागावर सगळीकडे सारखे बारीक बुडबुडे हवेत. एका कोपऱ्यात मोठा उसळा आणि बाकी शांत असेल तर तिथला पडदा फाटला आहे, सगळी हवा तिथूनच निघते. चकत्या टाकीच्या आकारमानाच्या ३० ते ५० टक्के असाव्यात. कमी दिसल्या तर बाहेर जाण्याच्या तोंडाची जाळी फाटून त्या पुढच्या टाकीत गेलेल्या असतात.

दोन ब्लोअर असतील तर आलटून पालटून, पण चोवीस तास. वीज वाचवायची असेल तर मोटरला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवा आणि रात्री वेग उतरवा, ऑक्सिजन २ च्या खाली न जाऊ देता. अशा यंत्राला ढोबळमानाने घनमीटरमागे एक ते दीड युनिट वीज लागते. शंभर घनमीटरला रोज १०० ते १५० युनिट. ही रक्कम चार टँकरांच्या बिलाशेजारी मांडून सभेला दाखवा.

जवळच्या चांगल्या चालणाऱ्या एसटीपीतून ताजा गाळ आणून टाकीच्या साधारण दहा टक्के घाला. गूळ आणि युरिया घालायला सांगणारे भेटतील. तुमच्याकडे ९०० माणसांचं खरं सांडपाणी रोज येतं आहे, त्यात जिवाणूंना हवं ते सगळं आहे. आपल्या हवामानात दोन-तीन आठवड्यांत तपकिरी थर दिसायला लागेल, अमोनिया उतरायला चार-पाच आठवडे. तोपर्यंत पाणी फ्लशला देऊ नका. पहिल्या आठवड्यात वासाचं पाणी एकदा घरात गेलं की सभासद पुन्हा ही लाइन उघडू देत नाहीत.

पुढे वाळूचा फिल्टर आणि कोळशाचा फिल्टर. दाबमापक दोन्ही बाजूंना लावा. फरक अर्धा बार झाला की उलट धुलाई करा. कोळसा धुऊन नवा होत नाही, त्याची शोषण्याची ताकद संपली की तो बदलावाच लागतो. शेवटी हायपोक्लोराइट. ४० घनमीटरला लिटरमागे ५ मिलिग्रॅम म्हणजे २०० ग्रॅम क्लोरीन, बाजारातल्या दहा टक्क्यांच्या द्रावणाचे दोन लिटर. अर्धा तास संपर्क मिळाल्यावर अर्धा ते एक मिलिग्रॅम उरायला हवा. उरत नसेल तर मात्रा वाढवण्याआधी अमोनिया तपासा, तोच क्लोरीन खातो. हे द्रावण उन्हाळ्यात कॅनमध्ये पडून पडून कमजोर होतं, दोन-तीन आठवड्यांपुरतंच आणा.

फ्लशला देताना बीओडी (उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत आणि गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत असला तर रहिवाशांना फरक कळत नाही.

---

डाउनटेक

मीटरवाल्या सभासदांसाठी.

आपल्या इमारतींत घरात एकच नळजोड नसतो. स्वयंपाकघराची एक उभी लाइन, दोन बाथरूमच्या दोन. म्हणजे घरामागे तीन मीटर, तुमच्याकडे ७२०. बसवण्याचा खर्च सोडा, त्यांचं वाचन आणि दुरुस्ती हेच कायमचं काम होऊन बसतं. त्याऐवजी गच्चीवर प्रत्येक उभ्या लाइनच्या तोंडाशी मीटर लावा. विंगमागे १२, एकूण ४८. बिल घराघराला लागणार नाही, पण कुठल्या १५ घरांच्या रांगेत रात्री पाणी वाहतंय हे तासाभरात कळेल. टाकीची_पट्टी यांनी सांगितलेली तिसरी चाचणी मग रोज आपोआप होते.

घरटी मीटर बसवून वापराप्रमाणे आकारणी करायचीच असेल तर एक लक्षात घ्या: आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर वाटला जातो. पद्धत बदलण्याआधी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि उपविधीतली दुरुस्ती व्यवस्थित करून घ्या, नाहीतर एका सभासदाची हरकत सगळी वसुली अडवेल.

आता एक गोष्ट जी कुणीच सांगितली नाही: दाब. १५ मजले म्हणजे ४५ मीटर, तळमजल्याच्या नळाला साडेचार बारचा दाब. नळातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. खालच्या मजल्यांना दाब दोन बारवर आणला तर तोच नळ तेवढाच उघडल्यावर एक तृतीयांश पाणी कमी देतो, आणि गळतीही तेवढीच कमी होते. सातव्या-आठव्या मजल्याच्या खाली प्रत्येक उभ्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. त्याच्या अलीकडे जाळी, दोन्ही बाजूंना दाबमापक आणि बाजूने बायपास. जाळी नसेल तर सहा महिन्यांत गंज आणि वाळूने अडकतो, मग प्लंबर बायपास उघडून निघून जातो आणि व्हॉल्व्ह नावापुरता उरतो. म्हणून बायपासला सील लावा.

एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी, वॉश बेसिन आणि स्वयंपाकघरातल्या नळाला जरूर लावा, मिनिटाला ३ लिटरचे. बाथरूममध्ये बादली भरायच्या नळाला लावू नका. बादली वीस लिटरचीच राहते, फक्त उशिरा भरते, आणि चिडून लोक तो काढून टाकतात. बोअरचं पाणी मिसळत असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी एरेटर व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार काढा.

---

उल्हासकाठ

चार नळांच्या प्रश्नाला उत्तर देतो. प्रश्न गंभीर आहे आणि त्याला आकड्यांतच उत्तर द्यायला हवं.

केंद्रीय जल आयोगाच्या २०१९ च्या हिशेबाने देशाचं वार्षिक सरासरी जल उत्पन्न सुमारे २,००० अब्ज घनमीटर होतं, आधीच्या अंदाजाप्रमाणे त्यातलं वापरता येण्यासारखं १,१२३ अब्ज: ६९० पृष्ठभागावरचं, ४३३ जमिनीखालचं. वापरातला सर्वात मोठा वाटा, ऐंशी टक्क्यांच्या आसपास, सिंचनाचा. तेव्हा सभासद म्हणतात त्यात तथ्य आहे. २४० घरांनी पाणी वाचवल्याने देशाच्या आकड्यात काही हलणार नाही.

पण देशाच्या सरासरीतून कुणाच्या टाकीत पाणी येत नाही. पाणी खोऱ्यातून येतं, आणि तेही त्या महिन्यात जेवढं असेल तेवढंच. उल्हास नदी घ्या. २०१९ च्या जुलैमध्ये याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. आणि दर मे महिन्यात याच नदीतलं पाणी दिवस मोजून उचललं जातं. वर्षाची सरासरी काढली तर पाणी मुबलक दिसतं. राज्यघटनेत पाणी मुख्यतः राज्यांच्या सूचीत आहे, आंतरराज्य नद्यांचा भाग केंद्राकडे, पण जमिनीवरचं नियोजन शेवटी खोरं आणि महिना धरूनच करावं लागतं.

उन्हाळ्यात उल्हासमध्ये जे पाणी दिसतं ते कुठलं? बारवी धरणातून सोडलेलं, आणि टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून येणारं. भिवपुरीचं पाणी घाटावरच्या आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं आहे. सह्याद्री नसता खोदला तर ते इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं पूर्वेला गेलं असतं. घाटाखाली आपण पितो त्या पेल्यातला काही भाग भीमेच्या खोऱ्यातून वळवून आणलेला आहे, आणि त्या खोऱ्यात सोलापूरपर्यंत उन्हाळ्यात काय अवस्था असते ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या संडासात ओतलेलं गोडं पाणी या हिशेबात येतं.

दुसरा मुद्दा, धरण भरलं तरी टँकर का. भातसा शहापूर तालुक्यात आहे. तिथलं पाणी नदीतून पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं, तिथे पंपाने उचललं जातं, शुद्ध होतं, मग जलवाहिनीतून येतं. ठाण्याला स्टेम (उल्हासमधून पाणी उचलणारं शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी, पालिकेची स्वतःची योजना आणि मुंबई महापालिका अशा चार वाटांनी पाणी मिळतं. प्रत्येक वाटेला मंजूर कोटा, पंपाची क्षमता आणि पाइपचा व्यास या तीन मर्यादा आहेत. धरणातली पातळी त्यांच्यापैकी कुठलीच वाढवत नाही. घोडबंदरला इमारती ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने हे तीन आकडे वाढलेले नाहीत. नवीन धरणाचा मार्ग लांबचा आहे. मुरबाडच्या काळू धरणाचा प्रस्ताव वनजमीन आणि विस्थापनाच्या प्रश्नांत वर्षानुवर्षं अडकून राहिला, आणि ते प्रश्न ज्यांची गावं जाणार त्यांच्यासाठी खरे आहेत. त्या गावांकडे पाणी मागायच्या आधी आपलं ४०,००० लिटर आपण पुन्हा वापरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं, सांडपाणी. बदलापूर ते कल्याणच्या पट्ट्यात उल्हासमध्ये आणि वालधुनीत अर्धवट शुद्ध झालेलं पाणी जातं. नदीत अमोनिया वाढला की शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन जास्त लागतो, जलपर्णी वाढली की पंपांच्या जाळ्या अडकतात, आणि पुरवठा त्या दिवशी कमी होतो. वरच्या गावाचा एसटीपी हा खालच्या गावाच्या पाणीपुरवठ्याचा भाग असतो. तुमचाही तसाच आहे, कारण तुमचं पाणी पुढे खाडीत जातं आणि तिथे अजून मासेमारी चालते.

---

कासारवडवली_चारविंग

सर्वांचे मनापासून आभार. रात्रीची चाचणी केली. खालची टाकी हलली नाही. सी विंगची वरची टाकी दोन तासांत ५ सेंटिमीटर उतरली, बाकी तीन एक-दीड. सी विंगमध्ये रंगाची चाचणी रविवारी आहे.

जेट स्प्रे तपासले. ए आणि बी विंगमध्ये घरगुती लाइनवर आहेत. सी आणि डी मध्ये काही घरांत फ्लशच्या लाइनवरून घेतलेले दिसतात, बहुधा नंतर बाथरूम नव्याने करताना. एसटीपी नीट झाल्यावर फ्लश लाइन सुरू करण्याआधी हे कसं पक्कं करायचं?

---

ब्लोअर_चोवीसतास

हे पक्कं झाल्याशिवाय फ्लश लाइनमध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्याचा थेंबही सोडू नका. जेट स्प्रेचं पाणी अंगाला लागतं.

एका वेळी एकच विंग घ्या, आदल्या दिवशी सूचना लावा. गच्चीवर फ्लशच्या टाकीत गोडं पाणी राहू द्या आणि घरगुती टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. अर्ध्या तासाने प्रत्येक घरात जाऊन एकेक नळ, गीझर, वॉशिंग मशिनचा नळ आणि जेट स्प्रे उघडा. लाइनमध्ये उरलेलं पाणी थोडा वेळ येईल, ते संपू द्या. त्यानंतरही ज्या तोंडातून पाणी चालू राहतं ते फ्लश लाइनला जोडलेलं आहे. घराचा क्रमांक आणि जागा लिहा. बंद घरं सोडून देऊ नका, त्यांची यादी वेगळी ठेवा आणि ती पूर्ण झाल्याशिवाय ती विंग सुरू करू नका.

मग उलट: गच्चीवरची फ्लशची टाकी बंद, घरगुती चालू. घराघरातल्या फ्लशच्या टाक्या रिकाम्या करा. ज्या पुन्हा भरतात त्यांना कुठेतरी घरगुती लाइन जोडलेली आहे. ही जोडणी जास्त घातक, कारण फ्लश लाइनमध्ये दाब जास्त झाला तर तिथूनच प्रक्रिया केलेलं पाणी घरगुती लाइनमध्ये शिरतं. मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावून भागेल असं प्लंबर सांगेल. ऐकू नका. त्याच्या पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला की तो गळतो. जोड कापून दोन्ही टोकांना बूच लावायचं.

दुरुस्तीनंतर गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत गडद निळा खाण्याचा रंग टाकून पूर्ण विंगला एक दिवस तेच पाणी द्या. निळं पाणी फक्त भांड्यात दिसलं पाहिजे. कुठल्याही नळात निळसर छटा आली तर पहिल्यापासून पुन्हा.

गच्चीवर फ्लशच्या टाकीला गोड्या पाण्याची जी आपत्कालीन लाइन आहे तिचं तोंड टाकीच्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच, मोकळ्या हवेत ठेवा. पाण्यात बुडलेला पाइप चालणार नाही. फ्लशच्या उभ्या लाइनला प्रत्येक मजल्यावर वेगळा रंग आणि 'पिण्यासाठी नाही' असं मराठीत आणि हिंदीत लिहा, कारण पुढच्या वेळी बाथरूम फोडणारा कारागीर तेवढंच वाचणार आहे. आणि बाथरूमचं काम करायच्या परवानगीच्या अर्जात एक अट घाला: काम झाल्यावर सोसायटीच्या प्लंबरने या दोन्ही चाचण्या केल्याशिवाय अनामत परत नाही.